ड्रम फिरला, पण…

औसा, घटस्थापना

प्रिय बापू,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे दुखायचे तेवढे दुखतातच. फोनवर तू "विकून टाक ते धूड" म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहितोय. इथं तुला मधे तोंड घालता येणार नाही.

आपलं हार्वेस्टर सुरू झालं!

इंजिनाची फिकीर नव्हतीच. लेलँडचं, ट्रकच्या गॅरेजात सामान मिळतं. घोर होता तो शेंगा-कणसं झोडून दाणे काढणाऱ्या ड्रमचा. त्याच्यावरच्या एका लोखंडी झोडपट्टीला उभी चीर गेलेली. पंजाबात नाभ्याला, मशीन बनवणाऱ्यांना फोन लावला, तर "फोटो भेजो जी" म्हणाले आणि फोटो बघून गप्पच झाले. शेवटी दुसऱ्याच मेकची पट्टी आणली. भोकं जुळेनात, ती मामूनं लेथवर वाढवून दिली. नवी जड भरली म्हणून समोरची पण बदलली. किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही तोलल्या, हलकीला वायसर घातले. डाव्या टोकाला जागा होती, तिथंच सगळे बसले. खाचा एकीआड एक उलट्या ठेवल्यात. हो, हे तूच शिकवलंस, झालं समाधान?

बेअरिंगची वेगळीच तऱ्हा. नेहमीचं 206 नंबरचं चढेना, कारण त्याचं भोक 30 मिलिमीटरचं आणि शाफ्ट भरला 31.75, म्हणजे सव्वा इंच. बार्शीच्या ढाब्यावर मी घसा फोडून सांगत होतो की शाफ्ट इंची आहे! चहाचे पैसे अजून यायचेत तुझ्याकडून. लातुरात एक शहाणा म्हणाला, शाफ्टच घासून आणा. शेवटी सव्वा इंची भोकाचं 206-20 मिळालं, ते बसलं.

आता खरं दुखणं ऐक. सोयाबीनला ड्रम मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या आसपास लागतो, नाहीतर दाण्याची डाळ होते. तिथवर आवाज गोड. पण गव्हासाठी आठशेच्या पुढं नेला की सीटखालून थरथर सुरू. शिडीवरचा स्टीलचा ग्लास सरकत सरकत खाली पडला. बेल्ट काढून ड्रम हातानं फिरवला, तर दरवेळी वेगळ्या जागी थांबतो. एखादी बाजू जड असती तर तीच दरवेळी खाली आली असती, मग वजनाचा दोष कसा म्हणू? शाफ्ट वाकलाय? तो बघायचा तर अख्खा ड्रम उतरवावा लागेल, आणि दाजींनी अर्ध्या गावाचा इसार घेऊन ठेवलाय. मामू म्हणतो, सोयाबीन काढून घ्या, गव्हाचं गव्हाला बघू. मला झोप नाही. पट्टी सुटली तर पत्रा फाडून बाहेर येईल, आणि मशीनच्या मागं पोरं पळत असतात.

तुझ्या पोरीच्या ॲडमिशनचं काय झालं? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

रविवारी संध्याकाळी शेडमधून फोन लावतो आणि ड्रमजवळ धरतो. टीव्ही बंद ठेव, आणि पूर्ण ऐकून झाल्याशिवाय "विकून टाक" म्हणायचं नाही.

तुझा,
नाना