गेट उघडणाऱ्यांना, पोती वाहणाऱ्यांना थँक्यू

दक्षिण सुदानमध्ये डिसेंबर २०१३ ला यादवी पेटली, जुबा, बोर, मलाकाल या शहरांतले लोक जीव मुठीत धरून यूएनच्या तळांकडे पळाले आणि कुणीतरी गेट उघडलं, त्या गेटवरच्या सैनिकांना आधी थँक्यू (आपले जवान पण होते बरं का तिथे).

आणि ते दुसरे लोक. पावसाळ्यात रस्त्यांचा पार चिखल होतो, ट्रक रुततात, मग धान्य विमानातून टाकावं लागतं, पोतं फुटू नये म्हणून एकात एक घातलेलं, आणि खाली कुणीतरी आधी मैदान मोकळं करतं, पोरंटोरं, गुरं लांब हाकलतं. फोटो मात्र विमानाचाच येतो! नंतर ती पोती डोक्यावरून नेऊन रचणाऱ्या बायांनो, रस्त्यातले सुरुंग शोधणाऱ्यांनो, तुमचे मनापासून आभार.