गालीलकाठचे जेवण आणि पत्रकातली एक ओळ

संपादक महोदय,

पवित्र भूमीच्या, म्हणजे इस्रायलमधल्या ख्रिस्ती तीर्थस्थानांच्या, यात्रेच्या पत्रकात एक ओळ ठरलेली असते : ‘गालील समुद्राकाठी सेंट पीटर्स फिशचे भोजन’. कफर्णहूम, तबघा, डोंगरावरच्या प्रवचनाची जागा या येशूच्या आठवणींच्या ठिकाणांना अर्धे पान, आणि जेवणाला ही एवढीच ओळ. मागाहून कुरबुरी ऐकू येतात त्या मात्र याच जेवणाच्या. मासा कोरडा होता, काटे फार, पाव मिळाला नाही, पाण्याचे वेगळे पैसे घेतले, शाकाहारी बाईंपुढे नुसते सॅलड आले. यातले जवळजवळ सगळे आधी टाळता येते, म्हणून हे पत्र.

आधी माशाविषयी. ‘सेंट पीटर्स फिश’ म्हणून ताटात येतो तो मुश्त. अरबीत मुश्त म्हणजे कंगवा. पाठीवरचा काटेरी पर तसा दिसतो. हिब्रूत त्याला अम्नून म्हणतात. आपल्याकडे उजनीत मिळणारी चिलापी त्याच कुळातली, त्यामुळे चव फार परकी वाटत नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात येशू पेत्राला (सेंट पीटरला) गळ टाकायला सांगतो आणि पहिल्याच माशाच्या तोंडात चार द्राख्मांचे नाणे निघते, म्हणजे दोघांचा मंदिराचा कर. मासा हाच, असे टेबलावर सांगितले जाते. पण मुश्त मुख्यतः पाण्यातल्या प्लवकांवर, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म जीवांवर, जगतो. तो जाळ्यात सापडतो, गळाला सहसा लागत नाही. गळाला लागलेला मासा मिशा असलेला बार्बेल असावा, असे गालीलच्या (नावाने समुद्र, पण खरे तर सरोवर) मासेमारीचे अभ्यासक म्हणतात. शुभवर्तमानात माशाची जात दिलेलीच नाही, तेव्हा श्रद्धेला यात कुठे धक्का बसत नाही. यात्रेकरूंना हे मोकळेपणाने सांगावे, त्यांना ते आवडते.

तितक्याच मोकळेपणाने हेही सांगावे की काठावरच्या हॉटेलांत वाढला जाणारा मासा बहुतेक वेळा तळ्यांत पाळलेला असतो. सरोवरातले मासे इतके घटले होते की 2010 मध्ये इस्रायल सरकारने दोन वर्षांच्या मासेमारीबंदीचा निर्णय जाहीर केला होता. पाळलेला मासा वाईट नसतो. उलट सगळे एका मापाचे असल्याने एकसारखे शिजतात. फक्त पत्रकात ‘गालीलातला ताजा मासा’ असे छापू नये. ‘गालीलकाठी’ हा शब्द पुरेसा आहे आणि खराही आहे.

मासा बिघडतो कुठे, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. चारशे ग्रॅमचा अख्खा मासा, दोन्ही अंगांना तीन-तीन तिरक्या चिरा, 170 ते 180 अंश तापलेले तेल आणि 8 ते 10 मिनिटे : एवढ्यात तो उत्तम होतो. चिरा मधल्या काट्यापर्यंत पोचल्या नाहीत तर कातडी खरपूस आणि काट्यालगतचे मांस कच्चे राहते. पाचांच्या जागी दहा मासे एकदम सोडले की तेल थंडावते आणि वरचे पीठ तेल पिऊन मऊ पडते. आता पंचेचाळीस माणसांची बस न सांगता दारात उभी राहिली, तर स्वयंपाकघराने करावे काय? ते आधीच मासे तळून गरम कपाटात रचून ठेवते. अर्ध्या तासात स्वतःच्याच वाफेने कातडी चामट होते, मांस सुकते. दोष आचाऱ्याचा कमी आणि न केलेल्या फोनचा जास्त.

तेव्हा आदल्या संध्याकाळी हॉटेलला तीन आकडे कळवावेत : तळलेला किती, निखाऱ्यावर भाजलेला किती, मासा न खाणारे किती. दुसरा फोन बस निघताना. तबघाहून तिबिर्या, म्हणजे हॉटेले असलेले काठावरचे शहर, सुमारे 12 किलोमीटर. तिथून निघताना कळवले की माणसे बसेपर्यंत तेल तापलेले असते. हुमुस (वाटलेल्या काबुली चण्यांची चटणी), ताहिनी (तिळाची पेस्ट), लोणची, कोशिंबिरी आणि गरम पिटा (चपटा पाव) हा पहिला फेरा वीसेक मिनिटे चालतो, तेवढ्यात तळणाचे दोन घाणे निघतात. यात्रेकरूंना मात्र बसमध्येच सांगून ठेवावे की हे म्हणजे जेवण नव्हे, मासा अजून यायचा आहे. भूक लागलेली माणसे पिटावरच पोट भरतात आणि मासा तसाच परत जातो.

अख्खा मासा डोक्यासकट येतो. पाठीवरच्या पराच्या दोन्ही बाजूंना सुरीचे टोक फिरवून तो सैल करावा आणि शेपटीकडून डोक्याकडे ओढावा; त्याच्या मुळाशी असलेले बारीक काटे त्याच्याबरोबरच निघतात. मग डोक्यामागून शेपटीपर्यंत मधोमध चीर देऊन वरचे मांस पाठीकडे, खालचे पोटाकडे सरकवावे. मधला काटा शेपटीच्या टोकाशी धरून हळू उचलला की अखंड सुटतो आणि खालची बाजू मोकळी होते. पोटाकडचे वाकडे काटे हाताने चाचपूनच खावेत. वयस्कर माणसांसाठी बिनकाट्याचे तुकडे आधीच सांगून ठेवता येतात. ते न सांगितल्यामुळे आजी-आजोबा नुसते चिप्स खाऊन उठतात, हे फार वाईट दिसते.

आता कोशर, म्हणजे ज्यूंचे आहाराचे नियम. खवले आणि पर असलेलेच मासे चालतात, म्हणून ते पाळणाऱ्या हॉटेलात कोळंबी मागू नये. मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मासा या दोन्हींत मोडत नाही. पण मासा न खाणाऱ्यांसाठी कोंबडी ठेवणारे कोशर स्वयंपाकघर मांसाचे असते, आणि तिथे जेवणानंतर दुधाची कॉफी किंवा चहा मिळणार नाही. हे माहीत नसले की वेटरशी उगाच हुज्जत होते.

शब्बाथ या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसामुळे शुक्रवारी दुपारनंतर ते शनिवारी रात्रीपर्यंत तिबिर्यातली कोशर हॉटेले बहुतेक बंद असतात. शनिवारचे जेवण तिथे धरले असेल तर दिवसच बदलावा किंवा अरबांच्या हॉटेलची सोय बघावी. सगळ्यात जास्त गोंधळ ईस्टरच्या सुमारास होतो, कारण ज्यूंचा वल्हांडण सण तेव्हाच आसपास येतो. ते सात दिवस कोशर हॉटेलात पिटा नाही, पाव नाही, गव्हाचे पीठ लावलेला मासा नाही. पावाच्या जागी मात्झा, म्हणजे बेखमीर भाकरी, येते. बेखमीर भाकरीच्या सणात आपण त्या देशात आहोत, हे यात्रेकरूंना आधी समजावले तर तीच गैरसोय आठवणीत राहण्यासारखी होते. न समजावल्यास ‘पावही दिला नाही’ अशी तक्रार येते.

शाकाहारींसाठी दोन गोष्टी विचारायच्या. फलाफल (चण्याचे वडे) आणि चिप्स माशाच्याच तेलात तळतात का? आणि ताहिनी कशाकशात आहे? ताहिनी म्हणजे तीळ, आणि तिळाची ॲलर्जी असलेल्याला हुमुसही चालत नाही.

पैशांबाबत पत्रके सर्वांत मोघम असतात. ‘पेय वगळून’ असे लिहिले असेल तर बाटलीबंद पाणीही त्यात आले. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, जगमध्ये मागावे. परदेशी पर्यटकांना हॉटेलातल्या मुक्कामावर व्हॅट माफ असतो, रेस्टॉरंटच्या जेवणावर नाही. 1 जानेवारी 2025पासून तो 17चा 18 टक्के झाला आहे आणि मेनूवरच्या शेकेलमधल्या (इस्रायली चलनातल्या) किमतीत धरलेला असतो. वेटरला 10 ते 15 टक्के टिप देण्याची पद्धत आहे. ती कोण देणार, गटाच्या पैशांतून की प्रत्येकाने, हे निघण्याआधी लिहून द्यावे.

वेळेचे म्हणाल तर सरोवरातली नावेची फेरी सकाळी, जेवण नंतर. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा जोराचा वारा सरोवरावर उतरतो, नाव हलते, आणि भरल्या पोटी ते सोसत नाही. सरोवराचे पाणी समुद्रसपाटीच्या सुमारे 210 मीटर खाली असल्याने जुलै-ऑगस्टची दुपार भाजून काढते. काठावरचे टेबल फोटोपुरते ठेवून जेवायला सावलीत किंवा आत बसावे. मधुमेही यात्रेकरूंना साडेबारा-एकच्या पुढे ताटकळत ठेवू नये. डोंगरावरच्या प्रवचनाच्या जागेचे चर्च दुपारी काही वेळ बंद असते, जेवणाची वेळ त्याच सुटीत बसवावी.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायाचे वाचन, जाळ्यात आलेले ते 153 मासे आणि काठावरचा कोळशाचा विस्तव, तबघाच्या किनाऱ्यावरच करावे. हॉटेलच्या गोंगाटात ते हरवते. जेवणाआधीची प्रार्थना मात्र टेबलावर व्हावी, पण पिटा येण्याच्या आत. मासा समोर आल्यावर धर्मगुरू उभे राहिले आणि प्रार्थनेला एक गीत जोडले गेले, की पंचेचाळीस ताटांतला मासा निवतो.

आपले,
पवित्र भूमीच्या यात्रांच्या संयोजनात काम करणारे वाचक