वाचनालयातल्या ताईंना, यंदाच्या सुट्टीबद्दल

आदरणीय ताई,

लेकीची शाळा सुरू झाली. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात, त्यामुळे तुमच्या वाचन-आव्हानालाही चांगली ऐसपैस सुट्टी मिळाली. आता दुपारी घर रिकामं असतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आव्हान म्हटलं की आपल्याकडे नंबर येतात, ढाल येते आणि मागोमाग रडारड येते. तुमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. सुट्टीत सहा पुस्तकं वाचायची आणि ती मुलांनी स्वतः निवडायची, एवढंच. ब्रिटनमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांत १९९९ पासून असा उपक्रम चालतो, हे तुम्हीच पहिल्या दिवशी आम्हा पालकांना सांगितलंत. तिथला उन्हाळा बाहेर हुंदडण्याचा. इथे नवतपा लागला की भर दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. म्हणून तुम्ही संध्याकाळची नेहमीची वेळ सांभाळून बालविभाग सकाळी साडेसातलाही उघडायला लागलात. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात पगार काय असतो, हे वेगळं सांगायला नको. तरी आम्ही पोचायच्या आत कूलरमध्ये पाणी भरलेलं असायचं आणि टेबलावर पुस्तकं मांडलेली असायची, मुखपृष्ठं वर करून. कपाटात नुसता कणा दिसला तर मुलं ढुंकूनही बघत नाहीत, चित्र दिसलं की हात आपोआप जातो. ही गोष्ट मी तुमच्या टेबलाशी उभी राहून शिकले.

सगळ्यात जास्त आभार मात्र एका मुभेचे. पुस्तक आवडलं नाही तर अर्ध्यात परत आणायचं, फक्त कुठल्या पानावर कंटाळा आला ते सांगायचं. आमच्या बाईसाहेबांनी पहिलंच पुस्तक चौदाव्या पानावर परत केलं. कारण काय, तर "यात सगळे एकमेकांना उपदेशच करून राहिले." तुम्ही हसलात आणि तिचं वाक्य जसंच्या तसं रजिस्टरात उतरवून घेतलंत. तिची मान अशी ताठ झाली म्हणता! आपलं मत कुणीतरी शाईने लिहून घेतं, हे तिला नवीन होतं. घरी आम्ही "आधी पूर्ण तर कर" म्हणून मोकळे होतो.

मग तुम्ही तिच्या हातात ते खाकी कव्हरचं पाणपक्ष्यांचं पुस्तक ठेवलंत. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २००८ चा. तुमच्या टेबलाच्या काचेखाली ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३१ ची पाच सूत्रं आहेत ना, त्यातलं 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हे मी तोवर भिंतीवरच्या सुविचारासारखं वाचून सोडून दिलं होतं. त्या पुस्तकापायी आम्हाला भल्या पहाटे अंबाझरी तलावावर जावं लागलं. पाणकावळा काठावरच्या ओंडक्यावर पंख पसरून बसला होता. त्याची पिसं पाण्यात भिजतात, म्हणून बुडी मारून आला की ती वाळवावी लागतात, हे लेकीने मला आणि शेजारी फिरायला आलेल्या दोन काकांनाही ऐकवलं. काकांनी निमूट ऐकून घेतलं.

आता सासूबाईंचं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मे महिन्यात झालं. काही दिवस वाचन बंद, आणि वर्तमानपत्राशिवाय त्यांची सकाळ सुरू होत नाही. लेक इंग्रजी शाळेतली, जोडाक्षर आलं की अडखळणारी. "मोठ्याने वाचून दाखवलेलं चालेल का?" असं तिने तुम्हाला विचारलं, तर तुम्ही नुसतं हो म्हणून थांबला नाहीत. आजीच्या नावाचं वेगळं कार्ड करून दिलंत. ऐकणाराही वाचकच, म्हणालात. तेव्हापासून दुपारी खिडकीला ओला पडदा, काळा चष्मा लावून पलंगावर आडव्या झालेल्या आजी आणि खाली फरशीवर पालथी पडलेली नात. ती 'दुष्ट' चं 'दुश्त' करायची, की आजी डोळे मिटूनच "ष्ट, ष्ट" म्हणायच्या. रहस्यकथा रंगात आली की दोघी चहालाही उठायच्या नाहीत. खुनी कोण, यावर पैजा लागायच्या, कधी एका आंब्याच्या, कधी संत्रा बर्फीच्या. चौथ्या पुस्तकाला पैज लेकीने जिंकली. आजींना ते अजून पटलेलं नाही.

एक राहिलंच. वाचनालयातून निघाल्यावर तर्री-पोह्यांच्या गाडीवर थांबायचं ठरलेलं. तिथे "पुस्तक आधी पिशवीत, मग प्लेट हातात" हा तुमचा नियम मुलं एकमेकांवर दरडावून पाळतात. तो तेवढा आमच्या घरातही लागू करून द्या.

शेवटच्या दिवशी तुम्ही पहिला-दुसरा काढला नाहीत. प्रत्येकाने दुसऱ्या एका मुलासाठी पुस्तक निवडून द्यायचं, एवढंच ठेवलंत. लेकीला मिळालं ते ट्रॅक्टरच्या इंजिनावरचं. देणारा मुलगा मोठा ठाम होता. तिने ते वाचलं, तक्रार न करता, आणि आता येताजाता रस्त्यावरच्या प्रत्येक डिझेल गाडीबद्दल मला माहिती मिळते. याचे आभार मानावेत की नाही, हे अजून ठरायचंय.

सासूबाईंचा निरोप आहे: त्या वाड्याच्या रहस्यकथेचा दुसरा भाग कुणी नेलेला असेल, तर परत आला की बाजूला काढून ठेवा. त्यांचा डोळा आता बरा आहे, पण हा भागही त्यांना ऐकायचाच आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघी येतो.

आपली,
बालविभागातल्या एका वाचकाची आई