ब्लँकेटं पुरे झाली, रात्रपाळीच्या मावशींचा पगार कोण देणार?

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

थंडी सुरू झाली की आपल्या पेपरात दर दोन-चार दिवसांनी एक फोटो येतोच, वृद्धाश्रमात ब्लँकेटवाटप, मध्ये एक आजी, आजूबाजूला आठ-दहा जण आणि सगळ्यांचे हात एकाच ब्लँकेटला. त्या लोकांबद्दल मला काहीही वाईट बोलायचं नाहीये, देणारा मनापासूनच देतो. मीसुद्धा नऊ वर्षांपूर्वी नातवाच्या वाढदिवसाला असंच केलेलं, केक नेला, जिलेबी नेली, फोटो काढले आणि घरी आले. पण निघताना तिथल्या सिस्टरनी गेटपाशी थांबवून हळूच विचारलं, ताई तुम्ही प्रेसमध्ये अकाउंटला होतात ना, आमचं कॅशबुक जरा बघाल का. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथं हिशोब लिहायला जाते. म्हणून हे पत्र लिहितेय.

संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाही, सिस्टरांनी तशी विनंती केलीय, त्यांना नावाचा गाजावाजा नको असतो. कॅथलिक धर्मभगिनींचा छोटा मठ आहे, नाशिकरोडच्या बाजूला, चार सिस्टर, दोन केरळच्या, एक वसईची, एक श्रीरामपूरकडची. तीसेक आज्या आहेत ज्यांना कुणी नाही किंवा असून नसल्यासारखे आहेत. शिवाय आसपासच्या वस्तीतल्या पोरांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग, आणि कचरा वेचणाऱ्या बायकांना आजारपणात औषधं. एवढंच काम आहे, पण ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालतं.

आता खरं दुखणं सांगते. डिसेंबर संपेपर्यंत आमच्या कपाटात ब्लँकेटं ठेवायला जागा उरत नाही. बिस्किटं भरपूर येतात, लासलगावकडून कांदा येतो, पिंपळगावचे एक बागायतदार दरवर्षी सीझनला द्राक्षाचे क्रेट स्वतः गाडीत घालून आणून देतात, देवळाली कॅम्पातून पाव येतो. या सगळ्यांचे उपकार आहेत. पण रात्री दोन वाजता अंथरुणात घाण झालेल्या आजीला उचलून, पुसून, कोरडं करून परत झोपवणाऱ्या ज्या दोन मावशी आहेत त्यांचा पगार द्यायला कोणी पुढं येत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. लाईटबिलाचा निघत नाही. डायपरचा तर नाहीच नाही. बरा डायपर घ्यायचा तर एक तीस-चाळीस रुपयांना पडतो, अंथरुणाला खिळलेल्या आजीला दिवसाला तीन तरी लागतात, म्हणजे एका आजीचे महिन्याला जवळपास तीन हजार नुसते डायपरचे, आणि अशा किती आज्या असतील ते तुम्हीच धरा. डायपर वेळेवर बदलला नाही की बेडसोर होतो आणि बेडसोर झाला की मग दवाखाना, मलमपट्टी, आणि त्या आजीचे हाल डोळ्यांनी बघवत नाहीत.

लोकांना वाटतं यांना काय कमी, यांना रोमहून पैसे येतात. मलाही आधी तसंच वाटायचं. रोमहून दरमहा कुणाला काही येत नाही हो, सिस्टरांच्या प्रत्येक संघाला आपापला खर्च आपणच उभा करावा लागतो. आमच्या चारातल्या एक सिस्टर अनुदानित शाळेत शिकवतात, त्यांचा सगळा पगार मठात जमा होतो, त्यांच्या हातात एक रुपया राहत नाही कारण गरिबीचं व्रत घेतलेलं असतं. त्या पगारावर टीडीएससुद्धा कापला जातो, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये तसा निकाल दिला की व्रत घेतलं असलं तरी पगार हा पगारच, आणि ते ठीकच आहे, नियम सगळ्यांना सारखा. सांगायचं एवढंच की घराचा मोठा आधार तो एक पगार आहे आणि त्या सिस्टर अजून काही वर्षांनी रिटायर होणार आहेत.

परदेशातून मदत येते का, तर पूर्वी यायची. लहान मठाचं स्वतःचं एफसीआरए रजिस्ट्रेशन, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, नसायचं, पण ज्या मोठ्या संस्थेकडे ते असायचं ती पैसे घेऊन पुढं लहान घरांना वाटून द्यायची. सप्टेंबर २०२० मध्ये कायदा बदलला आणि असं पुढं देणं पूर्ण बंद झालं. ज्याच्या नावावर पैसा आला त्यानेच तो खर्च करायचा. स्वतःचं रजिस्ट्रेशन काढायचं तर मागच्या तीन वर्षांत कामावर कमीत कमी १५ लाख खर्च झालेले दाखवावे लागतात, आणि पहिला पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच आला पाहिजे, मग तुम्ही नाशिकला असा नाहीतर गडचिरोलीला. परदेशी पैशातून ऑफिसखर्च करायची मर्यादासुद्धा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. त्यात दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार धरत नाहीत, पण अकाउंटंट, ऑफिसचं लाईटबिल, गाडीचं डिझेल, रिपोर्ट लिहिण्याचा खर्च हे सगळं धरतात. हिशोब कडक असावा याला माझा बिलकुल विरोध नाही, जन्म हिशोबात गेलाय माझा. पण मोठ्या संस्थेकडे कागद सांभाळायला माणसं असतात, इथं मात्र एक सिस्टर सकाळी आजीला अंघोळ घालते आणि तीच दुपारी कॉम्प्युटरवर बसून फॉर्म भरते. २०२१ च्या नाताळात मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं एफसीआरए रिन्यूअल नाकारल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली, जानेवारीत ते परत मिळालं, पण त्या दोन आठवड्यांत आमच्या सिस्टर ज्या चेहऱ्याने फिरत होत्या तो मला अजून आठवतो. एवढ्या मोठ्यांचं असं होतं तर आपलं काय, एवढंच त्या म्हणाल्या.

अजून एक सांगायचंय, कारण परदेशी फंड म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर काहीतरी वेगळंच येतं. जर्मनीत मिसेरिओर म्हणून संस्था आहे, तिथल्या कॅथलिक बिशपांनी १९५८ मध्ये काढली. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपासाचा काळ असतो, त्यात लोक काहीतरी सोडतात, कुणी मांस, कुणी दारू, आणि वाचलेले पैसे चर्चमध्ये टाकतात. तसंच जानेवारीत तिथली लहान पोरं बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा वेश घालून घरोघर गाणी म्हणत फिरतात, दारावर खडूने खूण करतात आणि डब्यात जमलेले पैसे जगातल्या गरीब मुलांना पाठवतात. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या परदेशी पैशातला काही पैसा कुणाच्या तरी उपासाचा आणि कुणाच्या तरी डब्यातला असतो. हे कळल्यापासून मी व्हाउचर फाडताना दोनदा विचार करते. आणि आता तिकडेही चर्च सोडणाऱ्यांची संख्या वाढलीय, ती गंगाजळी काही कायम पुरणार नाही.

परदेशी पैशातून आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात केवढं काम झालं ते जुन्या लोकांना ठाऊक असेल. नगरला फादर हर्मन बाखर म्हणून स्वित्झर्लंडचे जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू, होते, दुष्काळी गावांत पाणलोटाचं काम त्यांनी उभं केलं, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यातूनच आला, पैसा जर्मन सरकारचा आणि तो नाबार्ड या बँकेमार्फत यायचा. पण अट अशी की आधी गावाने श्रमदान करून दाखवायचं, मग पैसा. बाहेरच्या पैशाला गावाचा हात लागला की काम टिकतं. आमच्या मठाच्या बाबतीत नाशिकचा हात नेमका कुठं लागतोय तर ब्लँकेटला, आणि तोच मला पगाराला, बिलाला लागलेला हवाय.

कंपन्यांचं सांगते. सीएसआरचा कायदा चांगला आहे, नफ्याचे २ टक्के समाजाला द्यायचे, यादीत वृद्धाश्रम उभारणंही आहे, आणि सातपूर-अंबड-सिन्नरला कंपन्या काय कमी नाहीत. दोन ठिकाणी आम्ही गेलो. एका ठिकाणी साहेबांनी नीट बसवून ऐकून घेतलं, चहा दिला, मग म्हणाले मशीन मागा, सोलर मागा, बोअर मागा, देतो, पण पगार मागू नका, ते आमच्या पॉलिसीत बसत नाही. सोलर मिळालं, त्याचा उपयोगही होतो, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या एका फॉर्ममध्ये प्रश्न होता की तीन वर्षांनी प्रोजेक्ट संपल्यावर पुढं काय, त्याचा प्लॅन लिहा. सिस्टर माझ्याकडे फॉर्म घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ताई इथं काय लिहू, आमचा प्रोजेक्ट संपत नाही, एक आजी गेली की त्याच कॉटवर दुसरी येते. आम्ही दोघी बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसलो होतो. शेवटी तो फॉर्म आम्ही भरलाच नाही.

सिस्टरनीच मला जान जुगान यांची गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये १८३९ च्या थंडीत त्यांनी एका आंधळ्या म्हातारीला घरी आणून आपल्या स्वतःच्या बिछान्यावर झोपवलं, त्यातून लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर हा संघ झाला आणि त्या स्वतः टोपली घेऊन दारोदार मागायच्या. त्या संघाच्या सिस्टर घर चालवायला आजही मागायला जातात. २००९ मध्ये जान जुगान यांना संतपद मिळालं. हे ऐकताना मला आपली माधुकरी आठवली, आणि गाडगेबाबा आठवले, लोकवर्गणीतून गरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, त्यातली एक आपल्या नाशकातच आहे. म्हणजे दुसऱ्यासाठी मागणं हे आपल्याला परकं नाही, मूठमूठ धान्यावर आणि पैसा फंडावर या महाराष्ट्रात शाळा आणि कारखाने उभे राहिलेत.

आणि जे मनात असतं पण तोंडावर कुणी बोलत नाही त्याबद्दलही लिहिते. धर्मांतर. मी पंचवटीत वाढलेली बाई, घरात देव आहेत, गणपती बसतो, एकादशी धरते. नऊ वर्षांत तिथल्या एकाही आजीला कुणी धर्म बदल म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. दोन वर्षांपूर्वी येवल्याकडच्या एक आजी गेल्या. मुलाला फोन लावला तर उचलेना, शेवटी उचलला आणि म्हणाला तुम्हीच करा काय ते. सिस्टरांनी गुरुजी बोलावले, आजींच्या पेटीत तुळशीची माळ होती ती गळ्यात घातली, आमच्या रिक्षावाल्या दादांनी अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो, मी पायऱ्यांवर खाली उतरले, वर सिस्टर पांढऱ्या झग्यात दोन्ही हात जोडून उभ्या होत्या आणि रडत होत्या. येणारे-जाणारे थांबून बघत होते. कुणाला शंका असेल त्यांनी मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी यावं, मी रजिस्टर उघडून दाखवते, पावत्या, बिलं, पगारपत्रक, काय बघायचं ते बघा.

आता मागणं. दरमहा २०० रुपये देणारी ५०० घरं मिळाली की महिन्याचे एक लाख होतात, त्यात मावश्यांचे पगार, डायपर, गॅस आणि लाईटबिल आरामात बसतं. नाशिकरोड ते गंगापूररोड एवढ्या मोठ्या शहरात ५०० घरं मिळू नयेत असं मला वाटत नाही. एकदम पाच हजार देऊन विसरून जाण्यापेक्षा महिन्याला दोनशे द्या, यूपीआयला ऑटोपे लावून टाका, कारण पगार महिन्याला द्यावा लागतो आणि महिन्याला किती येणार हे आधी माहीत असलं की सिस्टर रात्री झोपू शकतात. आयकर सवलतीची, म्हणजे ८०जीची, पावती मिळते, २००० च्या वर रक्कम देणार असाल तर ती रोखीने देऊ नका, नाहीतर सवलत जाते. बरेच जण आता नवीन टॅक्स रिजिममध्ये गेलेत, तिथं ही सवलतच नाही, म्हणून गेल्या दोन वर्षांत काही जुन्या देणगीदारांनी हात आखडता घेतला हे मी पावतीपुस्तकात बघितलंय. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की परत या.

वाढदिवसाचा केकही आणा, आज्यांना खरंच आवडतो, त्या दिवशी सकाळपासून वेण्या घालून बसतात. फक्त केकबरोबर एका मावशींचा एका दिवसाचा पगार पाकिटात घालून आणा, साधारण चारशे रुपये होतात. आणि संपादकसाहेब, तुमच्याकडे असा ब्लँकेटचा फोटो आला तर छापा, पण फोटोखाली एक ओळ टाकता आली तर बघा की या संस्थेला दरमहा काय लागतं. सिस्टरांना फोन करून विचारलं तर त्या लगेच सांगतील, त्यांना ते पाठ असतं.

माझा नंबर पत्रासोबत वेगळा दिलाय, तो छापू नका, पण कुणी मागितला तर द्या. दुपारी तीननंतर मी घरीच असते.

आपली,
एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड