केसपेपरवरची लाल फुली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेशंट हल्ली फार उर्मट झालेत, अशी तक्रार करणारं एका डॉक्टरांचं पत्र आपण छापलंत. मीही गर्दीची ओपीडी काढणारा डॉक्टर आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ते अर्धंच आहे.

आमच्याकडे एक पद्धत पडली होती. वाद घालणाऱ्या पेशंटच्या केसपेपरवर कोपऱ्यात बारीक लाल फुली, म्हणजे मी आधीच सावध. एका संध्याकाळी अशाच एक फुलीवाल्या बाई आल्या. दीड तास ताटकळलेल्या, आवाज चढलेला, हातात रिपोर्टांची पिशवी. तक्रार चौथ्यांदा तीच: थकवा, जिना चढताना धाप. आधीच्या तिन्ही खेपांना मी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून बोळवण केली होती. त्या दिवशी मागे कोणी उरलं नव्हतं म्हणून (प्रामाणिकपणे सांगायचं तर तेवढ्यामुळेच) खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक. हिमोग्लोबिन निघालं ६, हवं त्याच्या निम्मंच. तीन वेळा मी बाईंना नव्हे, त्या फुलीला तपासलं होतं.

हे माझ्या एकट्याचं नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकाऊ डॉक्टरांना निदानासाठी कागदावर पेशंट दिले, आजार तेच. काही पेशंट साधे, काही भांडखोर रंगवलेले. भांडखोरांच्या बाबतीत निदान जास्त चुकलं. आणि १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकन संशोधकांनी तपासणीच्या खोलीतली संभाषणं टेप करून ऐकली, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांतच पेशंटचं बोलणं तोडत होते. एवढ्यात कोणाचाही आवाज चढेल.

याचा अर्थ सगळं सोसावं असा नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला शिवीगाळ झाली तर मी उठून बाहेर जातो आणि हे चालणार नाही, असं स्पष्ट सांगतो. व्हायरल सर्दीला अँटिबायोटिक मागितलं तर देत नाही, का देत नाही ते मात्र सांगतो. दोन मिनिटं जातात. पण वागणं खटकलं म्हणून तपासणीत काटछाट करायचा हक्क मला नाही. अगदीच जमेनासं झालं, तर पुढच्या डॉक्टरांच्या नावे नीट चिठ्ठी द्यावी. तातडीचं असेल तर आधी उपचार.

लाल पेन आता काउंटरवर नसतं. त्या कोपऱ्यात मुलगी पेशंट किती वेळ थांबलाय ते लिहिते. काल एकावर '७० मिनिटं' होतं. मी आधी माफी मागितली, मग नाडी धरली.

आपला,
एक डॉक्टर
(कृपया नाव छापू नये)