काकूंचा रिपोर्ट आणि माझी बाजू

बोलोन्या (इटली), 24 मार्च

ती. आई, बाबा आणि आज्जी,

सा. न. वि. वि. बाबा म्हणतात व्हॉट्सअॅपवर धड काही कळत नाही, नीट पत्र लिही, म्हणून हे लिहितेय. दादा, प्रिंट काढशील तेव्हा आज्जीसाठी अक्षर मोठं कर.

मी मजेत आहे. हे आधी सांगते कारण मामाच्या मित्राच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, कराडात पोचल्या पोचल्या जो रिपोर्ट दिला तो दादाने मला सगळा सांगितलाय. पोरगी वाळलीय, हॉटेलात भांडी घासते, एवढ्या थंडीत अंगावर पातळ कोट, आणि सोबत एक मुलगा होता. काका इथे प्रदर्शनाला आले होते, एक शनिवार मोकळा होता, मी सकाळपासून रात्रीपर्यंत दोघांना गाव फिरवलं, पाय मोडेपर्यंत, आणि त्यातनं घरी पोचलं काय तर माझा कोट. असो.

कोट पातळ दिसतो पण गरम आहे. आणि पावसाचं म्हणशील आई, तर या गावात छत्री लागतच नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या खालून कमानींचे पडवीसारखे रस्ते आहेत, सगळे मिळून 62 किलोमीटर. फार पूर्वी युनिव्हर्सिटीमुळे गावात माणसं मावेनात, तेव्हा लोकांनी वरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खाली खांब दिले. आपल्याकडे असं केलं तर नगरपालिका नोटीस काढते, इथे 1288 मधे उलटा कायदाच केला की नवीन घर बांधायचं तर पडवी पाहिजेच. 2021 ला युनेस्कोच्या यादीत पण गेलं. म्हणजे मी भिजत नाही.

स्टेशनवर उतरल्या उतरल्या काकू म्हणाल्या, बघा, यांचंही घड्याळ बंदच. ते 10:25 वर मुद्दाम थांबवून ठेवलंय. 2 ऑगस्ट 1980 ला तिथे बॉम्ब फुटला, 85 माणसं गेली. हे सांगितल्यावर काकूंनी पर्स खांद्याला लावली आणि घड्याळाला हात जोडले. बाकी काही म्हणा, बाई मनाने चांगली आहे.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगते कारण काकूंना ती शेवटपर्यंत कळली नाही आणि बाबा मला फोनवर विचारत होते की ते डोक्यावर तमालपत्र घालून फिरणारे लोक कोण. तर इथे डिग्री मिळाली की त्याच दिवशी डोक्यावर पानांचा मुकुट घालतात, आपल्या तमालपत्रासारखीच पानं, लाल रिबीन बांधलेली. मग मित्र त्याला घेऊन गावभर फिरतात आणि मोठमोठ्यांदा एक गाणं म्हणतात ज्यात नव्या डॉक्टरसाहेबांना चक्क शिव्या असतात (इथे साधी डिग्री झाली तरी डॉक्टर म्हणतात, दवाखान्यातला नव्हे). आईबाप, आज्जी-आजोबा बाजूला उभे राहून टाळ्या वाजवतात. शिव्यांना! मला पण आधी वाटलं भांडण चाललंय. आणि याच्या आधीचं सोवळं त्याहून कडक. गावाच्या मधोमध दोन जुने उंच मनोरे आहेत, दोन्ही साधारण 900 वर्षांपूर्वीचे. मोठा आसिनेल्ली 97 मीटर, आत 498 लाकडी पायऱ्या. डिग्रीच्या आधी जो त्यावर चढेल त्याला डिग्री मिळत नाही अशी पक्की समजूत आहे. नुसते गप्पांपुरते म्हणत नाहीत, खरंच चढत नाहीत, माझ्या वर्गातली पोरं इथेच जन्मलीत आणि वर गेलेली नाहीत. परीक्षेच्या आधी नेपच्यूनच्या कारंज्याला उलट्या दिशेने दोन फेऱ्या मारतात ते वेगळंच. आणि ही युनिव्हर्सिटी 1088 ची, युरोपातली सगळ्यात जुनी. म्हणजे आज्जी, परीक्षेच्या दिवशी तू माझ्या हातावर दही ठेवायचीस त्याला हसायचं कारण नाही.

मी चढलेले नाही हं. चढताही येत नाही, शेजारचा छोटा मनोरा, गारिसेन्दा, आधीच वाकडा, तो जास्तच धोक्याचा झाला म्हणून ऑक्टोबर 2023 पासून खाली सगळं अडवून ठेवलंय आणि मोठाही बंद केलाय. छोटा पडेल म्हणून चौदाव्या शतकातच वरून कापून 48 मीटरचा केला होता. तेव्हा माझ्या डिग्रीचं जे काही होईल त्यात मनोऱ्याचा दोष नाही, हे पुढे लागेल म्हणून सांगून ठेवते.

दुपारी सान पेत्रोनियो. केवढं मोठं चर्च, 1390 ला सुरू केलं आणि दर्शनी भिंत अजून अर्धीच, खाली संगमरवर आणि वर नुसत्या विटा. पण बघण्यासारखं म्हणजे आतली जमीन. कासिनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने 1655 मधे फरशीत 67 मीटर लांब रेघ आखलीय, वर छताला छोटं भोक, त्यातनं आलेला उन्हाचा गोल बरोबर माध्यान्हीला रेघेवर येतो. आम्ही साडेबाराच्या आधी जाऊन उभे. तो गोल सरकताना डोळ्यांना दिसतो! काकूंनी आपला बूट रेघेशी नेऊन ठेवला आणि ऊन बुटाच्या टोकावर चढलं, लेसवरून गेलं, दुसरीकडे उतरलं. कुणीच बोललं नाही. मग त्यांना रेघेच्या कडेला राशींची चिन्हं दिसली आणि त्यांनी माझी रास विचारली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जेवणाचं एका ओळीत: तोर्तेल्लिनीत मांस असतं, मोठे तोर्तेल्लोनी पनीरसारख्या चीजचे मिळतात, तेच आम्ही खाल्ले. मी वाळलेली नाही.

जेवून पोदेस्ता राजवाड्याखाली गेलो. तिथे चार खांबांवर घुमट आहे, एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की तिरक्या समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं. काकूंना एका कोपऱ्यात उभं केलं, मी दुसऱ्या, मधे येणाजाणाऱ्यांची गर्दी. मला वाटलं त्या हॅलो म्हणतील. भिंतीतनं आवाज आला, "तो मुलगा कोण गं? घरी माहीत आहे का?" आई, देवाशप्पत, मी दचकून मागे बघितलं.

तो माझ्या वर्गात आहे, नागपूरचा आहे, काकांची बॅग जड होती म्हणून आला होता. बास.

आज्जी, तुझ्यासाठी एक. संध्याकाळी सान लुकाच्या डोंगरावर गेलो, देवळापर्यंत कमानींचाच रस्ता, जवळजवळ चार किलोमीटर, 666 कमानी. काकांचे गुडघे, म्हणून आम्ही अर्ध्यातनंच चढलो, काकू मात्र सगळ्यांच्या पुढे. वर मेरीचं जुनं चित्र आहे. 1433 ला पाऊस थांबेना, पिकं जायला लागली, तेव्हा ते खाली गावात आणलं आणि पाऊस थांबला म्हणतात, तेव्हापासून दरवर्षी ते मिरवत खाली येतं, हल्ली मे महिन्यात. अगदी पालखीच. आपण पड म्हणतो, हे थांब म्हणतात. मी तुझ्या नावाने मेणबत्ती लावली, चालेल ना?

बाबा, आता कामाचं. हॉटेलात मी भाज्या चिरते, भांडी मशीनमधे लावते, घासत नाही. आठवड्याला वीस तास कायद्यानेच चालतं. कर्जाचा हप्ता याही महिन्यात वेळेवर पडेल, वर 180 युरो दादाच्या खात्यावर टाकलेत. पाटल्यांसाठी. मला माहितीय मी म्हणाले होते दादाच्या लग्नाआधी सोडवून देईन, स्कॉलरशिपचा दुसरा हप्ता अजून आलेला नाही, आला की आधी तेच. आई, तोवर बांगड्या घाल, नाहीतर मावशीच्या घाल पण कुणाला काही सांगत बसू नकोस.

आणि थीसिस जुलैत होत नाही. सरांनी एक भाग परत करायला सांगितलाय, आता ऑक्टोबर. मी आळस केला नाही. त्यामुळे मे महिन्यात लग्नाला येते, तिकीट बघतेय, पण पाचच दिवस, हळदीच्या आदल्या रात्री पोचेन. दादा, रागावू नकोस. वहिनीला मी फोन करते.

तुमचीच,
चिऊ

ता. क. आई, काकूंसोबत पाठवलेले लाडू संपले. सगळे मीच खाल्ले नाहीत, दोन त्यालाही दिले. फोनवर त्याचं आडनाव विचारू नका.