ताई, मी बातम्या का बघतो ते सांगतो

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

काल भाऊबीजेला व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस की पप्पा त्या बातम्या बंद करा, बीपी वाढतं तुमचं, गाझा आणि येमेनचं टेन्शन निफाडात बसून घेऊन काय होणारे. मम्मी पण लगेच तुझ्या बाजूने झाली. मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, रेंज जात होती आणि घरात पाहुणे होते, म्हणून आज बागेत डावणी रोगाची फवारणी उरकून ओट्यावर बसून हे टाईप करतोय, लांबलं तर दोन हप्त्यात वाच पण पूर्ण वाच.

तुला फेब्रुवारी 2024 आठवतोय का, तू तेव्हा परीक्षेच्या गडबडीत होतीस आणि आम्ही तुला सगळं सांगितलं नाही. त्या साली आपल्या थॉमसन द्राक्षाचा माल काय होता गं, मणी 18 एमएमच्या वर, साखर बसलेली, औषधांच्या रेसिड्यूचा रिपोर्ट क्लीन. एक्स्पोर्टरची गाडी आली, पॅकहाऊसला माल गेला, प्री-कूलिंग झालं, न्हावा शेवाहून कंटेनर निघाला. एरवी 20-22 दिवसांत नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला लागतो. पण त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात येमेनच्या हुथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर नावाचं जहाज लाल समुद्रात हेलिकॉप्टर उतरवून ताब्यात घेतलं होतं आणि पुढे दिसेल त्या जहाजावर ड्रोन आणि मिसाईल सुरू झाली, म्हणून मोठ्या शिपिंग कंपन्यांनी सुएझ सोडून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जायला सुरुवात केली. 1869 ला सुएझ कालवा व्हायच्या आधी जशी जहाजं जायची तशी. आपला माल 35 दिवसांच्या पुढे पोचला. द्राक्ष आतून चांगलं होतं पण देठ काळे पडले होते, आणि तिकडच्या दुकानात देठ हिरवा नसेल तर माल जुना समजतात. वर कंटेनरचं भाडं दुप्पट-तिप्पट झालेलं. एक्स्पोर्टरने आधी बोललेला भाव दिला नाही, क्लेम लागला, म्हणजे माल खराब म्हणून पैसे कापले म्हणाला, आणि मी त्याच्याशी भांडू तरी काय, लाल समुद्राच्या तोंडाची बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी काही त्याने बंद केली नव्हती.

त्याच हिवाळ्यात सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती, ते वेगळंच. मे 2024 मध्ये उठवली तर 40 टक्के ड्युटी ठेवली. मग 5 ऑगस्टला बांगलादेशच्या शेख हसीना ढाका सोडून गेल्या आणि आपल्याकडून गेलेले कांद्याचे ट्रक बॉर्डरवर अडकले. ढाक्यातली पोरं रस्त्यावर उतरतात आणि लासलगावात माणसं मोबाईल बघत बसतात, असं आहे हे. माझ्या आज्याला फक्त आभाळाकडे बघावं लागायचं. यंदा 2025 ला आभाळानेही मे महिन्यापासून सोडलं नाही, खरड छाटणीनंतर सतत पाऊस, काडीत गर्भधारणाच, म्हणजे डोळ्यात घड तयार होणंच, नीट झालं नाही, आता फळछाटणी झाली पोंगे फुटले तर निम्म्या काड्यांवर घडच नाहीत. तुला काल हे सांगणार होतो, मम्मीने डोळे दाखवले म्हणून गप्प बसलो.

पण ताई हे सगळं पैशाचं झालं. मला तुला खरं जे सांगायचंय ते दुसरंच आहे.

दिवाळीच्या आधी 10 ऑक्टोबरला गाझात युद्धबंदी झाली. मी बातमी बघितली आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? आता जानेवारीत सुएझ उघडेल का, भाडं उतरेल का. म्हणजे दोन वर्षं तिथे माणसं मरतायत आणि मी कंटेनरचा हिशोब करतोय. रात्रभर मला ते लागून राहिलं. सकाळी उठलो ते ठरवूनच, की हे नीट वाचायचं. नुसतं भाड्यापुरतं नाही.

तर वाचलं. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने इस्रायलमध्ये घुसून 1200 च्या आसपास माणसं मारली, 251 ओलीस नेली, त्यात म्हातारी आणि लेकरं पण. ते पाप आहे, त्याला दुसरा शब्द नाही. आणि त्यानंतर गाझात जे झालं तेही पापच आहे. तिथल्या आरोग्य खात्याचा आकडा 67 हजार मृतांच्या वर गेलाय, 22 ऑगस्टला गाझा शहर आणि आजूबाजूला दुष्काळ, म्हणजे उपासमार, अधिकृतपणे जाहीर झाली. पाऊस पडला नाही म्हणून नाही, ट्रक आत सोडले नाहीत म्हणून. आपण 72 च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत मोठे झालो, सुकडी खाऊन माणसं जगली, पण सरकारने खडी फोडायला का होईना काम दिलं, धान्य आणलं. धान्य बॉर्डरवर उभं आहे आणि लेकरू आत उपाशी आहे, हे माझ्या डोक्यात बसतच नाही.

आणि तिथे शेतकरी होते हे मला माहितच नव्हतं बघ. उत्तर गाझात बैत लाहिया म्हणून गाव आहे, तिथली स्ट्रॉबेरी प्रसिद्ध, युरोपला जायची. म्हणजे आपल्यासारखेच एक्स्पोर्टवाले, त्यांनाही साईजची आणि रंगाची काळजी असणार. युनोच्या एफएओने, म्हणजे अन्न आणि शेती संघटनेने, यंदाच्या जुलैअखेरचा हिशोब काढला, गाझातली फक्त दीड टक्का शेतजमीन अशी उरली होती जी धडही आहे आणि जिथे माणूस जाऊही शकतो. दीड टक्का! म्हणजे आपल्या शिवारात 100 एकर असतील तर दीड एकर. मी हे वाचून बागेत चक्कर मारून आलो.

हुथी म्हणतात आम्ही गाझासाठी करतो. पण 6 मार्च 2024 ला ट्रू कॉन्फिडन्स जहाजावर तीन खलाशी मेले, दोन फिलिपिन्सचे आणि एक व्हिएतनामचा. त्यांचा गाझाशी काय संबंध, पगारासाठी घर सोडलेली माणसं ती. बाकीच्या 21 जणांना आपल्या आयएनएस कोलकाताने उचललं, त्यात एक भारतीय होता. तो व्हिडिओ मी चार वेळा बघितला, छाती भरून आली. त्याच्या आधी हुथींच्या हल्ल्यात रुबीमार जहाज बुडालं, त्यात 21 हजार टन खत होतं, आपलं 20-20-0-13 असतं तेच. गोणीच्या हिशोबाने 4 लाख 20 हजार गोण्या होतात, समुद्रात गेल्या. यंदा जुलैत परत दोन जहाजं बुडवली. इजिप्तसारख्या गरीब देशाचं सुएझचं उत्पन्न एका वर्षात 60 टक्क्यांनी पडलं, ते पण गाझाचे शेजारीच. मग यातून गाझातल्या कुठल्या लेकराला भाकरी मिळाली ते मला कोणी सांगावं.

पारावर आमच्यात यावरून भांडणं होतात. कोणी इस्रायलवाला, कोणी पॅलेस्टाईनवाला, जशी काय मॅच चाललीय. मी आता कुठल्याच टीमचा नाही, पण गप्प बसणारही नाही. तू तिथे नेदरलँड्सला वागेनिंगेनमध्ये शिकतेस, तुझ्या वर्गात सगळ्या देशांची पोरं आहेत, कोणी तिकडचं असेल तर दोन्ही बाजूंचं ऐकून घे, वाद घालू नकोस, जेवायला बोलाव. पिठलं-भाकरी कर, तुला जमतं आता.

तर बातम्या बंद करायचं तेवढं सांगू नकोस मला. बीपीची गोळी रोज घेतोय, मम्मीला विचार. पेठ-सुरगाण्याची मजूर माणसं दिवाळी करून सोमवारी परत येतील, मग विरळणीच्या कामाला लागू, आहेत त्या घडांना जपायचं. माल थोडा आहे पण एक कंटेनर भरेल असं वाटतंय, जहाज कुठल्या रस्त्याने जाईल ते अजून शिपिंगवाले पण सांगत नाहीत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्याकडच्या दुकानात इंडियाचं द्राक्ष दिसलं की एक डबी घे. खाऊन चव नको सांगू, ती मला माहितीय. देठाचा जवळून फोटो काढून पाठव.

तुझे पप्पा